शालनकाकू घर तयार करतात

शालनकाकू कुठल्याही बंगल्यात पुढच्या दाराने शिरत नसत. फाटकातून आत आलं की संगमरवरी पायऱ्यांकडे आणि पितळी कड्यांच्या सागवानी दाराकडे ढुंकूनही न बघता त्या घराला वळसा घालायच्या. धुणं वाळत घालायच्या जागेवरून मागच्या दाराशी यायच्या, उंबऱ्यात थांबून डोळे मिटायच्या आणि एक लांब श्वास घ्यायच्या. मालक-मालकीण बिचारे पुढच्या दारात हसरे चेहरे करून उभे असायचे. मला त्यांना सांगावं लागायचं, "त्या आत पोचल्यासुद्धा. चला, आपणही जाऊ."

"आधी नाक, मग डोळं," काकू म्हणायच्या. "घराचा वास घरच्यांना येत न्हाई, म्याडम. पावण्याला येतो. पन पावना सांगत न्हाई. च्या पितो नि जातो."

साताऱ्यात माझं घरं-जागांच्या खरेदी-विक्रीचं ऑफिस आहे. फ्लॅट आणि प्लॉट विकणं फारसं अवघड नसतं. अवघड असतात ते बंगले. आमच्याकडे माणसं हौसेनं मोठं घर बांधतात, मुलं शिकून पुण्याला नाहीतर आणखी लांब जातात, आणि एक दिवस मालक माझ्यासमोर बसून म्हणतो, "विकून टाकू आता." घर सुंदर असतं, जागा मोक्याची असते, माणसं बघायला येतात, वा वा म्हणतात, आणि परत येत नाहीत. का येत नाहीत हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. ते कळायला लागलं शालनकाकूंमुळे. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. तरी अजून एखादा मालक फोनवर पहिलं वाक्य म्हणतो, "त्या मागच्या दाराने येणाऱ्या बाईंना आणाल ना?"

काकू सुभेदाराच्या बायको. माहेर कोयनानगरच्या वरच्या अंगाला, घाटातल्या एका वाडीत. लग्न होऊन त्या जम्मू, अंबाला, तेजपूर, कुठे कुठे नवऱ्यामागे फिरल्या. फौजेत बदली झाली की क्वार्टर सोडायचं, आणि सोडताना त्याची तपासणी व्हायची. ह्याला त्या 'मार्च-औट' म्हणायच्या. साहेब यायचा, नळ सोडून बघायचा, काचा मोजायचा, भिंतीवरून हात फिरवायचा. जरा कुठे खिळ्याचं भोक दिसलं की सुभेदारांच्या पगाराला कात्री. काकू ती भोकं दात घासायच्या पेस्टने बुजवायच्या. "एका साहेबाला बी घावलं न्हाई कवा," हे सांगताना त्यांचं तोंड शाळकरी मुलीसारखं व्हायचं. पण बंगल्यांच्या कामात त्यांनी पेस्ट कधी वापरली नाही. एका घाईतल्या रंगाऱ्याने तसं सुचवलं, तेव्हा त्या त्याच्यावर कडाडल्या, "त्ये सरकारचं क्वार्टर हुतं. ही मानसाच्या जन्माची कमाई हाय. हितं पेस्ट न्हाई चालायची."

सुभेदार गेल्यावर त्या सदरबझारात दोन खोल्यांत राहत होत्या. सुती नऊवारी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, हे बूट त्या रोज खडूने पांढरे करायच्या. तोंडात लवंग. सकाळी मिश्री लावायच्या आणि ती डबी माझ्यापासून लपवायच्या, जणू मला वास येत नव्हता. ज्या घराचं काम चाललंय त्या घरात त्या अन्न खात नसत. दुपारी बाहेर कंपाउंडच्या भिंतीवर बसून भाकरी सोडायच्या. भिंतीला तडा दिसला की त्यावर तळवा टेकवून थांबायच्या आणि "ही नुसती रंगाची हाय" किंवा "ही भितीची हाय, इंजनेराला बोलवा" असा निकाल द्यायच्या. मी एकदा विचारलं, हे कसं कळतं? तर म्हणाल्या, "आमच्याकडं जमीन हालती, म्याडम. लेकरास्नी पाढ्याआधी भेगा वळखाय येत्यात."

आमची ओळख झाली ती निकमसाहेबांच्या बंगल्यापायी. साताऱ्याहून कासला जाणाऱ्या रस्त्याच्या सुरुवातीला त्यांचा बंगला, मागे अजिंक्यतारा. साहेबांचा लोखंडकामाचा कारखाना होता, तो त्यांनी मुलाला दिला होता आणि मुलाकडेच पुण्याला राहायला जायचं होतं. मी त्या घरापुढे हात टेकले होते. दिवे बदलून झाले, बाग करून झाली, तरी येणारी माणसं खालच्या आवाजात बोलायची आणि लवकर निघायची. शेजारच्या एका कर्नलच्या पत्नीने सांगितलं, "शालनला एकदा घेऊन जा." मी घेऊन गेले.

काकू मागून शिरल्या, स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "जरा च्या टाका." कारखान्यात पाचशे माणसांवर हुकूम चालवलेला माणूस साखरेचा डबा शोधत राहिला. चहा झाला, पण काकूंनी तो घेतला नाही, साहेबांनी आणि मीच प्यायलो. मग काकू उठून एकेका खोलीत जाऊन फरशीवर बसून आल्या. शेवटी दिवाणखान्यात आल्या. पुढच्या दारासमोरच निकमवहिनींचा मोठा फोटो होता. चंदनाचा हार, खाली समई. आत येणाऱ्याची पहिली नजर त्यावरच जायची. माणूस नकळत चप्पल काढायच्या आधी हात जोडायचा, आणि मग ज्या घरात हात जोडले तिथे बेडरूम मोठी आहे का, हे विचारायला त्याला कसंतरी व्हायचं. आता हे लिहिताना किती सोपं वाटतं! मी कित्येक महिने त्या घरात येत होते. मीही हातच जोडत होते.

काकूंनी फोटोबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढंच विचारलं, "वैनीस्नी ह्या घरातली कुठली जागा आवडायची वो?"

साहेब पटकन म्हणाले, "मागचा व्हरांडा. तिथे बसून मेथी निवडायची. किल्ला दिसतो ना तिथून."

"मग त्यास्नी दारात का उभं केलंय पहाऱ्याला?"

मला वाटलं, आता आम्हां दोघींना बाहेर काढणार. साहेब त्या फोटोकडे बघत राहिले. मग हसले, आणि हसता हसता रडायला लागले. काकू तिथेच उभ्या राहिल्या, त्यांनी ना पाणी आणलं ना समजूत काढली. थोड्या वेळाने साहेबांनी स्वतःच फोटो उतरवला आणि व्हरांड्यात नेऊन खुर्चीशेजारी ठेवला. त्यानंतर जे पहिलं कुटुंब आलं ते दिवाणखान्यात मोकळेपणाने हसलं-बोललं, घरभर फिरलं, आणि व्हरांड्यात येऊन किल्ल्याकडे बघत बसलं. बाईंनी शेजारच्या फोटोकडे बघून विचारलं, "ह्यांची जागा होती का ही?" घर त्यांनीच घेतलं.

त्या दिवसापासून काकू मला म्याडमऐवजी अंजू म्हणायला लागल्या आणि मी त्यांच्याशिवाय बंगल्याचं काम घेईनाशी झाले.

त्यांना सगळं येत होतं असं नाही, आणि येत नाही ते त्या कबूल करायच्या. फलटणला एका ऊसतोडणीच्या कंत्राटदाराचा बंगला होता. छताला सोनेरी नक्षी, जिन्याला सिंहाची तोंडं. मालकाने आमच्याबरोबर पुण्याची एक मुलगीही बोलावली होती, ऋता नावाची. ती विकायची घरं सजवण्याचाच व्यवसाय करायची. तिने टेंपो भरून भाड्याचे सोफे आणले होते, आणि कारंज्यापाशी ठेवायला बुद्धाचं मोठं दगडी मस्तक. पहिल्या दिवशी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. काकूंनी जड मखमली पडदे धुवायला काढले होते, ऋताला ते मुळातच नको होते.

"काकू, हल्ली माणूस घर बघायला येत नाही," ऋता म्हणाली. "आधी फोनवर फोटो बघतो. फोटोत अंधार दिसला की बोटाने पुढे सरकवतो. तुम्ही कितीही घासा, त्याला कळणार कसं?"

काकूंनी फोनसाठी हात पुढे केला. तिचा फोन हातात घेऊन त्या खोलीखोलीतून फिरल्या, पडदे ओढून बघितले, सोडून बघितले. सकाळी बघितलं, परत उन्हं कलल्यावर बघितलं. संध्याकाळी ऋताला म्हणाल्या, "पोरी, तुजं खरं हाय. पडदं काढ." तेव्हापासून प्रत्येक घराची 'फोटूची येळ' त्या स्वतः ठरवायला लागल्या. ऋताचा नंबर त्यांनी फोनमध्ये 'उजेडवाली' म्हणून ठेवला होता.

पण मला काकू कोण होत्या हे कळलं ते सांगलीत.

डॉक्टर सुजाता वाघमारे. सांगलीत प्रसूतीचं हॉस्पिटल त्यांनी एकटीने उभं केलं होतं आणि वयामुळे आता बंद केलं होतं. माहेर कवठे महांकाळकडचं, वडील तिकडे शाळेत शिपाई. लग्न केलं नव्हतं. सांगली-मिरज रस्त्याला लागून त्यांचा बंगला होता. सागवानी जिना, पायाला गार लागणारी जुनी लादी, अंगणात बकुळीचं झाड. तसा बंगला मी आजवर दुसरा पाहिला नाही. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवेना. गावाकडे त्यांनी एकमजली घर बांधायला घेतलं होतं, तिथेच एक छोटा दवाखानाही. उसाचा हंगाम संपेपर्यंत ते तयार होणार होतं.

एक बिल्डर रोज त्यांच्या मागे लागला होता. त्याला घर नको होतं, जागा हवी होती. "बंगल्याचं शून्य धरा बाई, पाडायचा खर्च माझा," असं तो म्हणायचा. डॉक्टरबाईंनी मला फोनवर सांगितलं, "मी हे घर पाडण्यासाठी बांधलेलं नाही. राहणारं माणूस मिळवून द्या. हंगाम संपेपर्यंत वाट बघते, नाही मिळालं तर त्याला हो म्हणावं लागेल. दोन घरं मला सांभाळायची नाहीत."

आम्ही गेलो. काकू नेहमीसारख्या वळसा घालून मागच्या दाराशी गेल्या आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. आतून काठीचा आवाज आला.

"कोण तुम्ही? पुढे दार आहे."

"सवय हाय बाई माजी. मी असंच येती."

"माझ्याकडे मागच्या दाराने कुणी यायचं नाही," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्या आईने मागची दारं पुष्कळ पाहिली. त्यातही उंबऱ्याच्या बाहेरूनच. हे घर बांधताना मी ठरवलं होतं, इथे भांडीवालीपासून कलेक्टरपर्यंत सगळे एकाच दाराने येतील."

काकूंनी डोळे उघडले. क्षणभर बाईंकडे बघितलं. मग "चुकलं," एवढंच म्हणून त्या मागे फिरल्या, पुन्हा अख्खा वळसा घातला, पुढच्या पायऱ्या चढल्या आणि बेल वाजवली. डॉक्टरबाई काठी टेकत तिथवर आल्या आणि त्यांनी दार उघडलं. "या," त्या म्हणाल्या. दोघी एकमेकींकडे बघून किंचित हसल्या.

घर झाडूनपुसून ठेवलेलं होतं, वास कसलाच नव्हता. पण मोठ्या पुराच्या वर्षी तळमजल्यात कमरेच्या वर पाणी आलं होतं. बाईंनी वायरिंग सगळं वर उचलून नवं केलं होतं, भिंती खरवडून पुन्हा गिलावा केला होता. जिन्याच्या पहिल्या खांबावर मात्र पाण्याची फिकट रेघ राहिली होती. सांगलीच्या एका दलालाने सुचवलं होतं की त्यावर नवी लाकडी पट्टी ठोकून टाका. काकूंनी रेघेवरून अंगठा फिरवला.

दिवाणखान्यात निळ्या कोटातला तो फोटो होता. चष्मा, हातात ग्रंथ. खाली लाकडी चौथऱ्यावर बुद्धाची बसलेली मूर्ती. बाजूच्या भिंतीवर बाईंच्या पदव्या, आईवडिलांचा फोटो.

"भिंतीवरचं समदं उतरवूया," काकू म्हणाल्या. "मी सगळ्याच घरात उतरवती. देव, पूर्वज, लग्नाचे फोटू. बघणाऱ्याला सोताचं घर दिसाय पायजे."

"उतरवा. पदव्या उतरवा, आईवडील उतरवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा फोटो आणि ही मूर्ती नाही."

"का वो बाई?"

"आज हे उतरवलं की लोकांना घर आवडेल. मग कागदावर सही करताना ते माझं आडनाव वाचतील. तेव्हा काय कराल? आडनावालाही रंग मारणार?"

काकू त्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "न्हाई उतरवत."

मी काळजीत पडले. आणि काळजी खरी ठरली. माणसं यायला लागली. अंगणात, जिन्यावर, वरच्या गच्चीवर खूश व्हायची. दिवाणखान्यात आली की आवाज बदलायचा. कुणाला अचानक दुसरीकडे जायचं आठवायचं. कुणी खांबाकडे बघून आपसात काही पुटपुटायचं. एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "घर उत्तम आहे. पण वास्तूत जरा दोष वाटतो."

काकू मागेच होत्या. "कुठं वाटतोय दोष? दावा. आमी दुरुस्त करतो."

गृहस्थ घाम पुसत म्हणाले, "तसं नाही, एकूणच."

"एकूण म्हंजी कुठली खोली?"

ते गेल्यावर काकू बकुळीखाली येऊन बसल्या. इतक्या चिडलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "त्या उजेडवालीनं फलटणला कारंज्यापाशी बुद्धाचं नुसतं डोस्कं ठेवलं हुतं, तवा लोकं त्येच्यासंगं फोटू काढत हुती. हितं अख्खे बसल्यात तर बिचकत्यात व्हय?" लवंग थुंकून त्या म्हणाल्या, "अंजू, ह्या घरात दोन गोष्टी लोकं कुजबुजत्यात. पानी आलं हुतं, आनि घर कुनाचं हाय. जवर कुजबुज हाय तवर ह्ये इकलं जायाचं न्हाई. आता आपुनच मोठ्यानं सांगायचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कामाला सुरुवात केली. सुताराला बोलावून खांबावरच्या पाण्याच्या रेघेवर पितळेची बारीक पट्टी बसवून घेतली आणि त्यावर कोरून घेतलं, 'पाणी इथवर आलं होतं.' नव्या वायरिंगचे खटके त्या पट्टीच्या किती वर आहेत, हे कुणालाही एका नजरेत दिसत होतं. मग दिवाणखान्यातलं अवजड कपाट हलवलं. त्याच्यामागे पूर्वेची एक खिडकी कित्येक वर्षं बंद होती. ती उघडल्यावर सकाळचं ऊन थेट त्या फोटोच्या भिंतीवर आलं. काकूंनी मूर्तीचा चौथरा स्वतः पॉलिश केला, शेजारी डॉक्टरबाईंची वाचायची खुर्ची ओढली आणि मला म्हणाल्या, "काढ फोटू. ही फोटूची येळ."

मी फोटो काढले. जाहिरातीत कुठला आधी टाकायचा ते ठरवताना मी जिन्याचा निवडला. काकूंनी मान हलवली. "ह्यो पयला. खुर्चीचा. भितीवरचा फोटू आनि मूर्ती दिसाय पायजे. त्येच्या मागनं पितळंची पट्टी."

"काकू, पहिलाच?"

"पयलाच. ज्याला माघारी फिरायचंय त्यानं घरबसल्या फिरावं. डॉक्टरबाईंच्या पायऱ्या कशाला झिजवाव्या त्यानं?"

मागे डॉक्टरबाई उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. काठीवरचा हात बदलून त्या म्हणाल्या, "शालनबाई, चहा घ्याल? माझ्या हातचा." काकू कामाच्या घरात पाणीसुद्धा घेत नसत हे मला माहीत होतं. त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा घेतला, आणि चपातीही खाल्ली.

जाहिरात गेली आणि फोन बंद झाले. आधी निदान माणसं यायची तरी. रस्त्याने उसाच्या गाड्या जात होत्या, त्या रोज थोड्या कमी होत होत्या. मी साताऱ्यात रात्री पडून विचार करायची की आपण एका म्हाताऱ्या बाईचं नुकसान तर करत नाही ना. बिल्डर एकदा येऊन दिवाणखान्यात ऐटीत बसला. "बाई, ह्या घराला घर म्हणून गिऱ्हाईक नाही. मान्य करा."

काकू खिडकीची काच पुसत होत्या. न वळता म्हणाल्या, "साहेब, पाय जरा उचला. लादी वली हाय."

तो पाय उचलून बसला. तसा बसलेला माणूस फार वेळ ऐटीत राहू शकत नाही. तो गेला.

आणि मग एका रविवारी चिकोडीकडचं एक कुटुंब आलं. नवरा-बायको बेंगळुरूहून कामधंदा आटपून परतले होते, सोबत त्याचे वडील, निवृत्त शिक्षक. बाईचं नाव सविता. त्या पुढच्या दाराने आत आल्या आणि सरळ खांबापाशी गेल्या.

"हे कोण लावलं?" त्यांच्या मराठीत कानडी हेल होता.

"मी," काकू म्हणाल्या.

सविता नवऱ्याकडे वळून हसल्या. "बघा, म्हटलं नव्हतं मी? अहो, आम्ही दोन महिने झाले नदीच्या अलीकडची घरं बघत फिरतोय. एकाच्यापण घरात पाणी आलं नव्हतं म्हणे. मग एवढं पाणी गेलं कुठं?"

काकू मोठ्याने हसल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. पाणी किती दिवस होतं, कुठली भिंत खरवडली, पंप कुठे बसवलाय. जे कुणी विचारलं नव्हतं तेही सांगितलं.

तेवढ्यात माझं लक्ष गुरुजींकडे गेलं. ते दिवाणखान्यात एकटेच फोटोसमोर उभे होते. म्हाताऱ्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, खिडकीकडे बघितलं, आणि खुर्चीत बसले. खिशातून चष्मा आणि घडी घातलेलं वर्तमानपत्र काढलं.

"इथं उजेड छान आहे वाचायला," ते म्हणाले.

आतल्या खोलीतून डॉक्टरबाई काठी टेकत आल्या. "मी तिथेच वाचते," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडे बघितलं की वाचायचा कंटाळा येत नाही."

"खरं आहे," गुरुजी फोटोकडे बघून म्हणाले. "मुलांना मी नेहमी हेच सांगायचो." आणि ते उठून उभे राहिले, बाईंना खुर्ची द्यायला. बाई नको म्हणाल्या. दोघंही उभेच राहिले आणि पुस्तकांबद्दल बोलत सुटले. काकूंनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

व्यवहार झाला. जागेच्या दराने नाही, घराच्या दराने. कुणी घासाघीस केली नाही. सविताबाईंनी एकच अट घातली, की पितळेची पट्टी काढायची नाही.

निघायच्या दिवशी डॉक्टरबाईंनी गुडघ्यांचं न ऐकता स्टुलावर चढून फोटो स्वतः उतरवला. काकूंनी स्टूल धरलं. खाली उतरल्यावर बाईंनी फोटो काकूंच्या हातात दिला. काकूंनी डोक्यावर पदर घेतला, फोटो छातीशी धरला आणि पायऱ्या उतरून गाडीपर्यंत गेल्या. मागून गुरुजी मूर्ती घेऊन आले. गाडीचं दार लावताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "शालनबाई, माझ्या नव्या घरी यायचं. राहायला."

"येती की. पन त्ये इकू नगा म्हंजी झालं."

गाडी गेली. सविताबाईंची मुलं अंगणातून ओरडत जिन्याकडे पळाली. काकू आत गेल्या नाहीत. माझा साताऱ्याचा रस्ता होता, त्या मिरजेला लेकीकडे मुक्कामाला जाणार होत्या. तिथेच पुढच्या महिन्यात झोपेत त्यांचं हृदय थांबलं. त्यामुळे फाटकाबाहेरचा तो निरोप शेवटचा ठरला. त्या वेळी तसं काही वाटलं नव्हतं. आम्ही दोघी नुसत्या खुशीत होतो.

समोरच्या बंगल्याच्या फाटकात एक बाई मघापासून उभी होती. तिने रस्त्यापलीकडून हाक मारली, "आवं, वाघमारेबाईंचं घर तुम्हीच दिलं ना? आमचंबी बघता का?"

मी म्हटलं, "काकू, उद्या बघू. दमलाय तुम्ही."

"दमलीय कोन?" त्या म्हणाल्या आणि पदर खोचला.

मिरजेच्या बाजूने उसाने खच्चून भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत येत होता, मागे बस, मागे मोटरसायकलींचा लोंढा. काकूंनी उजवा हात उंच केला आणि सरळ रस्त्यात उतरल्या. ट्रॅक्टरवाल्याने कचकन ब्रेक मारला, गाण्याचा आवाज कमी केला, आणि सगळा रस्ता थांबला. काकू घाई न करता, हात तसाच वर धरून, मधोमध चालत पलीकडे जात राहिल्या.